अडत्या आणि अडॅप्टर

लातूरच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. आवक लिहायची, सौद्याचा भाव टाकायचा, वजन टाकायचं, हमाली-तोलाईचा हिशोब करून पट्टी काढायची, एवढंच त्याचं काम. ते सुरू झाल्यावर पहिले पंधरा दिवस रोज सकाळी साडेनऊला मुनीमजींचा फोन ठरलेला.

"सर, दाबलं की एरर येऊलालंय बघा. परत दाबलं की परत एरर. मग एकदम चालूलालंय. दिवसभर काहीच नाही, उद्या सकाळी परत तेच."

मी आपला ठरलेलं उत्तर द्यायचो, नेट बघा, पान रिफ्रेश करा. संगणकवाल्याला काही सुचलं नाही की तो नेटवर ढकलतो. शेवटी एका रविवारी लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडून बसलो आणि एक गोष्ट डोळ्यांत भरली. एरर रोज बरोब्बर तीन. कधी लागोपाठ, कधी मध्ये एखादं पान नीट उघडून, पण तीनच. ना दोन, ना चार. आणि आमच्या सर्व्हरवर वर्कर, म्हणजे आलेली कामं वाटून घेणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रती, त्याही तीनच होत्या.

हे तीनचं कोडं सोडवायचं तर वेब फ्रेमवर्क (ज्याच्यावर असं सॉफ्टवेअर उभं करतात तो तयार सांगाडा) डेटाबेसशी (माहिती साठवणाऱ्या प्रोग्रामशी) बोलतं कसं, हे आधी पाहावं लागतं. त्या बोलण्याच्या मध्ये जो बसलेला असतो त्याला अडॅप्टर म्हणतात. (मुनीमजींना हा शब्द सांगितला तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे अडत्याच की." मी हसलो, पण विचार केल्यावर वाटलं, माझ्यापेक्षा त्यांनीच नेमकं सांगितलं.)

शेतकरी तुरीची पोती घेऊन यार्डात येतो तेव्हा तो डाळ मिलवाल्याला शोधत फिरत नाही. कोणता खरेदीदार ओलावा किती धरतो, कोण पैसे कधी देतो, कुणाचा काटा कुठे, हे सगळं अडत्याला ठाऊक असतं. शेतकऱ्याने माल उतरवायचा आणि पट्टी घ्यायची. खरेदीदार बदलला तरी पट्टीचा नमुना तोच राहतो.

वेब ॲप्लिकेशनमध्ये शेतकऱ्याच्या जागी आपला कोड असतो. तो म्हणतो, "आज आलेली सोयाबीनची सगळी आवक दे." डेटाबेस मायएसक्यूएल आहे, पोस्टग्रेस आहे की एसक्यूलाइट, हे त्याने सांगायचं नाही. ते एकाच ठिकाणी, सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं: इंजिन कोणतं, मशीनचा पत्ता, पोर्ट, डेटाबेसचं नाव, युजर, पासवर्ड. रेल्स नावाच्या फ्रेमवर्कमध्ये मधल्या या थराला सरळ अडॅप्टरच म्हणतात. मी जँगो वापरतो. २००५ साली लोकांसाठी खुलं झालेलं आणि अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत जन्मलेलं हे फ्रेमवर्क त्याच थराला बॅकएंड म्हणतं. नाव वेगळं, धंदा एकच.

ही कल्पना काही वेबवाल्यांची नाही. असेच मधले थर म्हणजे मायक्रोसॉफ्टचं ओडीबीसी, ते १९९२ चं, आणि जावाचं जेडीबीसी, ते १९९७ चं. प्रत्येक डेटाबेससाठी अख्खा प्रोग्राम नव्याने लिहायचा कंटाळा माणसाला फार आधीच आला होता.

आता हा अडत्या दिवसभर करतो काय? सगळ्यात आधी भाषा बदलतो. डेटाबेसला प्रश्न विचारायची एसक्यूएल ही भाषा सगळ्यांची एकच, असं पुस्तकात असतं. प्रत्यक्षात ती आपल्या मराठीसारखी आहे. लातूरला 'करूलालंय', परभणीला 'करायलंय', पुण्यात 'करतंय'. अर्थ एक, पण दुसऱ्याच्या गावात तसंच बोललं तर माणसं वळून बघतात. डेटाबेस तर नुसता वळून बघत नाही, एरर फेकतो. तक्त्याचं नाव अवतरणात घालायचं तर मायएसक्यूएलला उलटा टिक लागतो, पोस्टग्रेसला दुहेरी अवतरण. नवीन पावती घातल्यावर तिचा क्रमांक काय पडला, हे पोस्टग्रेसला त्याच वाक्यात 'रिटर्निंग' लावून विचारता येतं. मायएसक्यूएलमध्ये आधी पावती घालायची आणि मग शेवटचा क्रमांक कोणता म्हणून विचारायचं. हो-नाहीचा रकाना पोस्टग्रेसमध्ये खराखुरा हो-नाहीचा असतो. मायएसक्यूएलमध्ये तो एक छोटा आकडा असतो, ० किंवा १, आणि आपल्या हातात येईपर्यंत बॅकएंड त्याचं परत 'हो' किंवा 'नाही' करून ठेवतो.

एक उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. मुनीमजींनी शोधाच्या चौकटीत आडनाव टाकलं, की ते आडनाव थेट वाक्यात चिकटवायचं नसतं. चिकटवलं आणि नावात एखादं अवतरणचिन्ह निघालं तर वाक्य तिथेच फुटतं. कुणी मुद्दाम तसं लिहिलं, तर अख्खा तक्ता पुसण्याची आज्ञाही आत घुसवता येते. म्हणून वाक्यात रिकामी जागा सोडतात आणि नाव वेगळं पाठवतात. ही रिकामी जागा दाखवायची कशी, यावरही एकमत नाही. जँगो ज्या भाषेत लिहिलंय त्या पायथॉनच्या जगात डेटाबेसशी बोलण्याचा जो प्रमाण करार आहे त्यात एक-दोन नाही, पाच पद्धती मान्य केल्यात. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसच्या नेहमीच्या ड्रायव्हरांना टक्क्याचं चिन्ह आणि एस हे अक्षर चालतं. पायथॉनसोबत येणाऱ्या एसक्यूलाइटच्या ड्रायव्हरला प्रश्नचिन्ह लागतं. जँगोने ठरवलं की वर सगळीकडे टक्का-एसच लिहायचं. मग एसक्यूलाइटच्या बॅकएंडमध्ये एक छोटासा तुकडा बसलाय, जो वाक्य पुढे सरकवण्याआधी प्रत्येक टक्का-एस पुसून तिथे प्रश्नचिन्ह घालतो. काम एवढंसं. पण हे कुणीतरी केलंय म्हणून आपल्याला ते माहीत असण्याची गरज पडत नाही.

वर ड्रायव्हर हा शब्द आला. अडॅप्टर आणि ड्रायव्हर यांत लोक गल्लत करतात. ड्रायव्हर म्हणजे प्रत्यक्ष खरेदीदाराच्या दारात जाणारा माणूस. तारेवरून बाइट कसे पाठवायचे, हे त्याला कळतं. अडत्या गादीवर बसून त्याला सांगतो की कुणाकडे जा आणि कोणत्या शब्दांत बोल. ड्रायव्हर बदलला तरी अडत्या तोच राहू शकतो.

हा झाला भाषेचा भाग. तो सोपा असतो, कारण चुकला तर लगेच कळतो. मला पंधरा दिवस फिरवलं ते दुसऱ्या कामाने, म्हणजे कनेक्शनने.

कनेक्शन म्हणजे काय, तर आपला प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यात चालू असलेला फोन. आपण एक ओळीचा प्रश्न विचारतो, पण त्याआधी बरंच घडतं. नेटवर्कवर दोन्ही मशीन एकमेकांना हाक देतात, सुरक्षित वाहिनी असेल तर किल्ल्यांची देवघेव होते, युजर-पासवर्ड तपासला जातो, अक्षरं कोणत्या पद्धतीने पाठवायची हे ठरतं, घड्याळ कोणत्या देशाचं हे ठरतं. पोस्टग्रेस तर प्रत्येक कनेक्शनसाठी एक वेगळी प्रोसेस, म्हणजे स्वतंत्र चालणारा प्रोग्राम, उभी करतो. मायएसक्यूएल एका थ्रेडवर, म्हणजे त्याच प्रोग्राममधल्या एका धाग्यावर, भागवतो, पण फुकट त्यालाही पडत नाही. 'आज किती पोती आली' या प्रश्नाच्या उत्तराला जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्त कधी कधी 'हॅलो, कोण बोलतंय' यातच जातो.

म्हणून फोन ठेवायचाच नाही, चालूच ठेवायचा, ही युक्ती निघाली. जँगो मुळात तसं करत नाही. काही सांगितलं नाही, तर प्रत्येक विनंतीला (म्हणजे बटण दाबून पान मागितलं की दर वेळी) नवं कनेक्शन आणि काम झालं की बंद. आमचा डेटाबेस दुसऱ्या मशीनवर होता, पान उघडायला किंचित वेळ लागायचा, म्हणून मीच शहाणपणा करून कनेक्शनच्या वयाची मर्यादा काढून टाकली. म्हणजे एकदा जोडलेलं कनेक्शन जन्मभर ठेव. पानं झटपट उघडायला लागली, मीही खूश.

पण फोनला दोन टोकं असतात. मायएसक्यूएलमध्ये एक सेटिंग आहे: कनेक्शनवर २८,८०० सेकंद कुणी काही बोललं नाही, तर सर्व्हर ते आपण होऊन तोडतो. २८,८०० सेकंद म्हणजे बरोबर ८ तास. दुकान रात्री आठला बंद होतं, सकाळी साडेनऊला उघडतं. साडेतेरा तास सगळं शांत. पहाटे चारच्या सुमारास मायएसक्यूएलने आपल्याकडचा फोन ठेवून दिला, आणि आमचे तीन वर्कर आपापला रिसीव्हर कानाला लावून तसेच बसलेले. पलीकडे कुणी नाही, हे त्यांना कळणार कधी? बोलायला तोंड उघडल्यावर. सकाळी मुनीमजींनी पहिलं बटण दाबलं, पहिला वर्कर बोलला, आणि उत्तर आलं: एरर क्रमांक २००६, सर्व्हर निघून गेलाय. (२००६ हे साल नाही, एररचा नंबर आहे.)

आता तीनचं कोडं सुटतं. जँगोचा बॅकएंड एवढा चौकस आहे की एखाद्या विनंतीत डेटाबेसची चूक झाली, तर तो मनात नोंद करतो. विनंती संपताना त्या कनेक्शनला हाक मारून बघतो, उत्तर नाही आलं तर ते बंद करतो आणि पुढच्या विनंतीला नवं जोडतो. म्हणून एका वर्करकडून एकच एरर. पण प्रत्येक वर्करचं कनेक्शन ज्याचं त्याच्याकडे, एकाचा अनुभव दुसऱ्याला कळत नाही. तीन वर्कर, तीन मेलेले फोन, मुनीमजींच्या नावे रोज तीन एरर. दुपारी जेवणाच्या सुट्टीत असं कधी झालं नाही, कारण जेवायला ८ तास लागत नाहीत, अगदी यार्डातसुद्धा.

उपाय एका ओळीचा निघाला. जँगोच्या ४.१ आवृत्तीपासून तब्येत तपासण्याची एक सेटिंग आहे. ती चालू केली की प्रत्येक विनंतीत डेटाबेसला पहिल्यांदा हात लावण्याआधी जुनं कनेक्शन जिवंत आहे का, हे विचारून घेतलं जातं. मेलं असेल तर गुपचूप नवं जोडलं जातं. मी ती लावली, आणि जोडीला कनेक्शनचं आयुष्यही दहा मिनिटांवर आणलं. दुसऱ्या दिवशी साडेनऊला फोन आला नाही. पावणेदहाला मीच केला.

"काय मुनीमजी, आज एरर?"

"नाही आला. पण सर, तुम्ही का फोन केलाव?"

आमच्याकडे तीनच वर्कर म्हणून एकास एक कनेक्शन परवडलं. गर्दी वाढली की हे जमत नाही. तेव्हा टोळी लागते. यार्डात ट्रक आला की आपण गावात हमाल शोधायला जात नाही. टोळी आधीच झाडाखाली बसलेली असते. एक जण उठतो, पोती उतरवतो, परत येऊन बसतो, पुढच्या ट्रकला तोच जातो. सॉफ्टवेअरमध्ये या टोळीला पूल म्हणतात. कोड पूलकडे कनेक्शन मागतो, वापरतो, परत करतो. रेल्समध्ये हा पूल मुळातूनच असतो. काही सांगितलं नाही तर ५ कनेक्शनचा, आणि एकही मोकळं नसेल तर ५ सेकंद वाट बघून तो हात वर करतो. जँगोत असा पूल २०२४ साली ५.१ आवृत्तीत आला, तोही फक्त पोस्टग्रेसपुरता.

टोळीचे दोन नियम पाळावेच लागतात. परत येणाऱ्याने हात रिकामे करून यायचं. म्हणजे अर्धवट राहिलेला व्यवहार रद्द करूनच कनेक्शन पूलमध्ये ठेवायचं, नाहीतर पुढच्या माणसाच्या डोक्यावर मागच्याचं ओझं. दुसरा नियम गणिताचा आहे, आणि भलेभले इथे आपटतात. पूल हा प्रत्येक प्रोसेसचा स्वतंत्र असतो. समजा ६ सर्व्हर, प्रत्येकावर ४ प्रोसेस, प्रत्येकाचा पूल ५ चा. सेटिंगच्या फाइलमध्ये दिसतो तो निरुपद्रवी ५ चा आकडा, पण डेटाबेसच्या दारात १२० जण उभे राहू शकतात. पोस्टग्रेस मुळात १०० च घेतो, मायएसक्यूएल १५१. जागा संपली की पोस्टग्रेस जे म्हणतो ते मला फार आवडतं. एरर जीवघेणा या सदरात मोडतो, पण मजकुराची सुरुवात 'सॉरी'ने होते: माफ करा, आधीच फार गिऱ्हाईकं झालीत. इतकं अदबीने गिऱ्हाईक परत पाठवणारं दुसरं दुकान मी पाहिलं नाही. मग आकडा वाढवायचा मोह होतो, पण प्रत्येक कनेक्शन मेमरी खातं, म्हणून मोठ्या ठिकाणी मध्ये पीजीबाउन्सरसारखा आणखी एक मुकादम बसवतात. तो शेकडो ॲप-कनेक्शनांना मागे मोजक्या खऱ्या कनेक्शनांवर खेळवतो.

एवढं सगळं करणारा अडत्या मध्ये असला की वाटतं, आता डेटाबेस कोणताही असो, आपल्याला काय? मलाही तेच वाटलं होतं. लॅपटॉपवर एसक्यूलाइट ठेवला होता. सर्व्हर नको, पासवर्ड नको, एक फाइल की झालं. लाइट गेली तरी चिंता नाही. आणि दुकानात मायएसक्यूएल. अडॅप्टर आहेच मध्ये!

पण अडत्या बोलणं जुळवून देतो, समोरच्याचा स्वभाव त्याला बदलता येत नाही. एसक्यूलाइटचा स्वभाव फार मोकळा. गावाच्या नावाचा रकाना मी १५ अक्षरांचा ठेवला होता. एसक्यूलाइट ती मर्यादा बघतच नाही, मी चाचणीत काय वाट्टेल ते टाकलं आणि सगळं गोड. मायएसक्यूएल १५ म्हणजे १५. त्यात देवनागरीची एक गंमत अशी की 'लातूर' आपल्याला तीन अक्षरं दिसतं, पण संगणक काना आणि ऊकार वेगळे मोजतो, म्हणून त्याच्या लेखी पाच. 'छत्रपती संभाजीनगर' लिहिलं की मर्यादा संपून वर मोजणी उरते. पैशाचंही तसंच. एसक्यूलाइटला नेमका दशांश आकडा असा प्रकारच नाही. तो पैसे अपूर्णांकाच्या अंदाजी रूपात ठेवतो आणि बॅकएंड ते बाहेर काढताना गोल करून देतो. पट्टीवर एखाद्या पैशाचा फरक म्हणजे मुनीमजींच्या लेखी चोरीच.

तक्त्याची रचना बदलतानाही हाच अनुभव. पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइटमध्ये रचनेचा बदल अर्ध्यात फसला तर पूर्ण मागे घेता येतो. मायएसक्यूएलमध्ये रचना बदलणारं प्रत्येक वाक्य आपलं आपण पक्कं होतं. मध्येच फसलं तर निम्मा तक्ता नवा आणि निम्मा जुना, आणि पुढचं हाताने निस्तरायचं. रात्री अकराला मी ते निस्तरलंय.

परभणीच्या एका जिनिंगसाठी हाच कोड पोस्टग्रेसवर नेला, तेव्हा आणखी एक निघालं. तिथे गिऱ्हाइकांची नावं इंग्रजीत होती, कुणी पहिलं अक्षर मोठं लिहिलेलं, कुणी सगळंच लहान. मायएसक्यूएल नेहमीच्या सेटिंगमध्ये लहान-मोठं अक्षर एकच धरतो, पोस्टग्रेस धरत नाही. नेमकं नाव टाकून शोधलं की निम्मे कापूसवाले गायब! जँगोत लहान-मोठं न बघणारा शोध वेगळा मागता येतो, आणि मागितला की पोस्टग्रेसचा बॅकएंड दोन्ही बाजू मोठ्या अक्षरांत करून ताडून बघतो. पण तो मागावा लागतो. मी मागितला नव्हता, कारण लातुरात न मागता मिळत होता.

आणि शेवटचा झटका हात जोडलेल्या इमोजीने दिला. मायएसक्यूएलच्या जुन्या यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहायची ही एक पद्धत) एका अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट मिळतात. देवनागरीला बरोबर ३ लागतात, म्हणून मराठी मजकूर वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतो आणि आपल्याला वाटतं, सगळं यथास्थित आहे. इमोजीला ४ लागतात. एका शेतकऱ्याचा व्हॉट्सॲपवरचा निरोप मुनीमजींनी जसाच्या तसा टिप्पणीच्या रकान्यात डकवला, शेवटी नमस्काराची इमोजी, आणि अख्खी पावती नाकारली गेली. तक्ता चार बाइटवाल्या पद्धतीत बदलला तरी पावती जाईना. कारण अक्षरांची पद्धत फक्त तक्त्याची नसते, कनेक्शनचीही असते. तो फोन जोडताना होणारा ठराव, वर सांगितलेला. बॅकएंड तो ठराव जुन्याच पद्धतीचा करत होता, जँगोने ५.२ आवृत्तीत मुळातून बदलेपर्यंत. सेटिंगमध्ये एक ओळ टाकून तो हाताने बदलला, तेव्हा कुठे नमस्कार पोचला.

त्याच आठवड्यात लॅपटॉपवरून एसक्यूलाइट काढला आणि दुकानात आहे त्याच आवृत्तीचा मायएसक्यूएल बसवला. आता चाचणीच्या माहितीत पहिली पावती कायमची ठरलेली आहे: गाव छत्रपती संभाजीनगर, रक्कम शेवटी ३३ पैसे, टिप्पणीत हात जोडलेले.